कमिन्स ६.७ चा एक्झॉस्ट ब्रेक: उतारावर किती भरवशाचा?

जड ट्रेलर ओढायचा असेल तर डिझेल पिकअप निवडताना घोडशक्तीचा आकडा नंतर पाहा, आधी एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर कोंडून गाडी धरणारा ब्रेक) पाहा. चढ कसाही चढता येतो, फार तर वेळ लागेल. उतारावर वेग आवाक्यात ठेवणे हेच खरे काम असते. रॅम २५०० आणि ३५०० मध्ये कमिन्सचे ६.७ लिटर इंजिन २००७ च्या मध्यावर आले तेव्हापासून हा ब्रेक त्याच्या टर्बोतच (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागात) दिलेला आहे. जीएमने तो आपल्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनावर २०११ साली आणला. आमच्या मते कमिन्सचा ब्रेक उत्तम आहे, पण नुसते बटण दाबून तो आपला सगळा जोर देत नाही.

आधी तो कसा चालतो ते पाहू. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल मिटतो, इंजिनाला हवा ओढताना जोर लागतो आणि गाडी धरली जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते, त्यामुळे पाय काढला तरी भरलेली गाडी उतारावर पळतच राहते. एक्झॉस्ट ब्रेक लागला की टर्बोतली सरकती नोझल रिंग एक्झॉस्टची वाट जवळजवळ बंद करते. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) दाब साचतो आणि एक्झॉस्ट स्ट्रोकला पिस्टनला त्या दाबाविरुद्ध वर जावे लागते. मोठ्या ट्रकवर जो कडकडणारा ब्रेक असतो तो वेगळा. त्यात कॉम्प्रेशनच्या शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतात. या ब्रेकचा आवाज म्हणजे नुसती फुसफुस, वस्तीतून जातानाही कोणाला त्रास होत नाही.

सगळा जोर आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर, आहे. १५०० च्या खाली ब्रेक लागल्याचे जेमतेम जाणवते, २००० च्या पुढे तो खरा धरू लागतो आणि तिथून रेड लाइनकडे (फेऱ्यांच्या कमाल हद्दीकडे) जाताना वाढत जातो. “माझा ब्रेक लागतच नाही” ही तक्रार करणारे बहुतेक जण सहाव्या गिअरमध्ये १६०० वर उतरत असतात. म्हणून टो/हॉल मोड (ओझे ओढतानाचा गिअरबॉक्सचा मोड) चालू ठेवा. त्यात गिअरबॉक्स लवकर गिअर उतरवतो आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक राहतो. कन्व्हर्टर सुटला की इंजिन आणि चाके यांच्यात फक्त तेल उरते. मग ब्रेक टर्बोत लागलेला असूनही चाकांपर्यंत नीट पोचत नाही आणि गिअरबॉक्सचे तेल तापते ते वेगळेच.

उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच वेग कमी करा आणि हाताने गिअर खाली घ्या. वेग चढल्यावर खालचा गिअर मागितला तर इंजिन जास्त फिरेल म्हणून गिअरबॉक्स तो नाकारतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्हाला तो हवा असतो. योग्य गिअर ओळखायचा कसा? ब्रेक पेडलवरून पाय पूर्ण मोकळा असताना वेग जागच्या जागी राहिला किंवा अगदी सावकाश चढला, तर गिअर बरोबर. वेग चढत असेल तर पायाचा ब्रेक ठाम दाबून ठरवलेल्या वेगाच्या ताशी ५ मैल खाली या आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा त्या वेगाला पोचलात की पुन्हा तसेच. हलका पाय सतत ठेवून उतरलात तर पॅड आणि डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही, आणि ब्रेक फेड होतात, म्हणजे तापून धरेनासे होतात, ते त्यामुळे.

२०१३ पासूनच्या रॅममध्ये बटणाला दोन मोड आहेत. एकदा दाबले की पिवळा दिवा, म्हणजे पूर्ण जोर: पाय काढला की लगेच ब्रेक. दुसऱ्यांदा दाबले की हिरवा, म्हणजे ऑटो. यात गाडी उतारावर आपोआप वेग घेऊ लागली किंवा तुम्ही ब्रेक पेडल दाबले तरच तो कामाला येतो, सपाटीवर गाडी मोकळी वाहते. भरलेला ट्रेलर आणि लांब उतार असेल तर पिवळा, रिकाम्या गाडीला रोजच्या रस्त्यावर हिरवा. पिवळ्यावर रिकामी गाडी शहरात प्रत्येक वेळी पाय काढताच गचका देते आणि मागे बसलेली माणसे वैतागतात.

थंडीत आणखी एक उपयोग आहे. गाडी उभी असताना, बाहेर १६ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान आणि कूलंट ८२ अंशांच्या खाली असेल, तर हेच बटण इंजिन लवकर तापवायला मदत करते.

बर्फ किंवा चिकट पावसाळी रस्ता असेल तर ब्रेक बंद. हे आग्रहाने सांगतो. टू-व्हील ड्राइव्हवर असताना हा ब्रेक फक्त मागची चाके धरतो, आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. शिवाय एक्झॉस्ट ब्रेकमुळे ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत. पिकअप धरली जाते, ट्रेलर मागून ढकलत राहतो, आणि रस्ता निसरडा असेल तर जोडणीपाशी गाडी दुमडते. कोरड्या रस्त्यावरही ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर नीट लावलेला हवाच. मागच्या गाडीला सावध करायचे असेल तर पेडलला पाय टेकवून दिवे लावा.

बिघाडाचे मुख्य कारण काजळी. गाडी तासन् तास आयडलवर उभी किंवा फक्त जवळच्या फेऱ्या, असा वापर असेल तर रिंगवर कार्बन धरतो आणि ती अडकू लागते. यावर सोपा उपाय म्हणजे ब्रेक रोज वापरणे. ब्रेक लागताना रिंग बंद होण्याच्या टोकापर्यंत सरकते आणि धरू लागलेली काजळी झडते. पी००३ए किंवा पी२५६३ हा बिघाडाचा कोड आला तर टर्बोतल्या रिंगची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा किंवा रिंग सरकवणाऱ्या ॲक्च्युएटरचा संशय घ्यावा. पण थेट नवा ॲक्च्युएटर मागवू नका. जुना काढल्यावर टर्बोच्या बाजूचा दातेरी सेक्टर हाताने फिरवून पाहा. तो सहज फिरत नसेल तर दोष टर्बोत आहे, आणि नवा ॲक्च्युएटरही त्याच ओढाताणीत जाईल. ॲक्च्युएटर कूलंटने थंड होतो, म्हणून काढण्याआधी कूलंट उतरवावा लागतो. नवा बसवल्यावर स्कॅन टूलने कॅलिब्रेशन केलेच पाहिजे. कोड नाही पण ब्रेक कमजोर वाटतो, अशा वेळी मॅनिफोल्डच्या सांध्यांवर काळे ओघळ शोधा. तिथून दाब निसटत असेल तर ब्रेकला धरायला काही उरत नाही. जास्त पॉवरसाठी सरकती रिंग नसलेला फिक्स्ड टर्बो बसवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे की मूळ टर्बोबरोबर हा ब्रेकही जातो.

जुन्या ५.९ लिटर कमिन्सला एक्झॉस्टची वाट फ्लॅपने (झडपेने) अडवणारा ब्रेक बाहेरून बसवतात. पॅकब्रेक आणि बीडी ही त्यातली परिचित नावे. साध्या ब्रेकच्या फ्लॅपला ठराविक मापाचे भोक असते. ते वरच्या आरपीएमला दाब हद्दीत राहावा अशा बेताने पाडलेले असते, म्हणून खालच्या आरपीएमला ब्रेक मिळमिळीत लागतो. पॅकब्रेकच्या पीआरएक्सबीसारख्या प्रकारात दाब स्वतः सांभाळला जातो, त्यामुळे तो खालीही चांगला धरतो. आमची पसंती त्यालाच. मात्र १२ व्हॉल्व्हच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंग नरम असतात. साचलेल्या दाबाने व्हॉल्व्ह उघडू नयेत म्हणून ६० पौंडांच्या स्प्रिंग आधी बसवा. ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर पाय काढल्यावर कन्व्हर्टर सुटतो आणि आतला तेलाचा दाबही पडतो. लॉकअप आणि दाब दोन्ही सांभाळणारा कंट्रोलर घेतल्याशिवाय त्या गाडीवर ब्रेकचा खर्च करू नका. फ्लॅपचा शाफ्ट जाम होऊ नये म्हणून इंजिन थंड असताना त्यावर जास्त उष्णता सोसणारे वंगण सोडा आणि लिव्हर हाताने पूर्ण फिरवून पाहा.

वापरलेली गाडी घेताना इंजिन तापल्यावर मोकळ्या उतारावर टो/हॉल लावा, चौथ्या गिअरमध्ये २५०० च्या आसपास या, ब्रेक बंद ठेवून पाय काढा आणि मग चालू करून पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळी गाडी ठळकपणे मागे ओढली गेली पाहिजे. फरक जाणवत नसेल तर टर्बोची तपासणी होईपर्यंत किमतीचे बोलू नका.