जुनी गाडी घेताय? पाणी मारून बघायचं की कोरडीच चाचपायची

गाडी आवडलीय, इंजिनचा आवाज चांगला आहे, कागदपत्रं बघून झालीत आणि आता आत पाणी शिरतं का एवढंच बघायचं राहिलंय. यासाठी दोन रस्ते आहेत, एक म्हणजे गाडी कोरडी असतानाच आत हात घालून, वास घेऊन बघायची, आणि दुसरा म्हणजे पाईप लावून वरून पाणी सोडायचं. मी दोन्ही केलंय आणि एकाच गोष्टीला वेळ असेल तर मी डोळे झाकून कोरडी तपासणी सांगेन.

मागच्या गाडीच्या वेळी मी फक्त पाणी मारलेलं. चांगला वेळ पाईप धरला, आत एक थेंब नाही, खूश होऊन व्यवहार केला. नंतर रोज सकाळी काचा आतून धुरकट व्हायला लागल्या, म्हणून मागच्या सीटसमोरचं कार्पेट उचललं तर वरचं कापड कोरडं ठणठणीत आणि खालचा फोम पिळला की पाणी गळतंय. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली, त्यामुळे ते पाणी पुढच्या पॅसेंजरच्या पायाशी आत पडून फोममधून मागे सरकत होतं. बाहेरून कितीही पाणी मारलं असतं तरी हे सापडलंच नसतं, आणि कार्पेटखाली एकदा बोटं घातली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर कोरडी तपासणी अशी. काचा बंद असलेल्या गाडीचं दार उघडायचं आणि सगळ्यात आधी वास घ्यायचा, मालक काचा खाली करून गाडी मोकळी करायच्या आत. कुबट वास लपत नाही, आणि परफ्युमचा भपकारा आला तर मी जास्तच बारकाईने बघतो. मग मॅट बाजूला करून, मालकाला विचारून, दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी हलक्या हाताने उचलायची (ती बहुतेक क्लिपवर असते) आणि कार्पेटच्या खाली, अगदी फोमला लागेपर्यंत बोटं घालायची. टिश्यूची घडी करून तिथे मुठीने दाबायची, २० आकडे मोजायचे आणि बाहेर काढून बघायचं. चारही कोपऱ्यांत हे करा, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि साचतं भलतीकडेच, गाडी उतारावर उभी असेल तर आणखीनच. डिकीत स्टेपनी बाहेर काढून खड्ड्याच्या तळाशी टॉर्च मारा, गंजाचं गोल वळं दिसलं तर तिथे पाणी साचून राहिलंय, ते मागच्या लाईटच्या पॅकिंगमधून किंवा डिकीच्या रबरातून आलेलं असू शकतं.

पण कोरड्या तपासणीत एक मोठी उणीव आहे. बरेच दिवस पाऊस नसेल आणि विकणाऱ्याने आतून सगळं वाळवून शाम्पू मारून ठेवलं असेल तर हाताला काहीच लागत नाही, डाग असलाच तर दिसतो. अशा वेळी पाणीच मारावं लागतं. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याच्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि गाडीवर उगाच आळ येतो. साधा पाईप, मंद धार, खालून सुरू करून हळूहळू वर, एकेका जागेवर ५ मिनिटं तरी, आणि एक माणूस टॉर्च घेऊन आत बसलेला हवा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. पुढच्या काचेचे वरचे कोपरे आणि छपरावरच्या अँटेनाचं बूड, या दोन ठिकाणी मी जास्त वेळ देतो.

सनरूफ असेल तर पाईपपेक्षा कपभर पाणी भारी. सनरूफ मुळात पूर्ण वॉटरप्रूफ नसतंच, आत आलेलं पाणी कडेच्या पन्हाळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. सनरूफ उघडून कोपऱ्यात हळू पाणी ओता, ते थोड्या वेळात गाडीखाली पडायला हवं. पन्हाळीत तसंच उभं राहिलं तर नळी तुंबलीय. पाईप लावायला नाही म्हणणारे मालकसुद्धा कपभर पाण्याला सहसा हो म्हणतात.

आता ओल सापडली तर गाडी सोडायची का? लगेच नाही, कशाची ओल आहे ते बघा. एसीची किंवा सनरूफची नळी तुंबलेली, वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा अडकलेला, दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद सुटलेला, ही कामं छोटी आहेत, फोम पूर्ण वाळवला की झालं, गाडी घ्या. पुढची काच कधी बदललेली असून नीट चिकटवलेली नसेल तर विकणाऱ्याकडूनच परत बसवून घ्या आणि मगच पैसे द्या, काचेखालच्या पत्र्याला गंज धरला असेल तर काम वाढतं. ओल चिकट लागली, गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट थर असेल तर तो हीटरमधून गळणारा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) असू शकतो, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून किंमत त्या हिशोबाने पाडून मागा.

पुरात बुडालेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरचा भाग धुतलेला असतो पण गुंडाळीच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे लोखंडी ब्रॅकेट गंजलेत का बघा, कार्पेटखालचे वायरींचे कनेक्टर आतून हिरवे पडलेत का बघा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जवळजवळ जमिनीलाच टेकून असतं, ते एकदा पाण्यात गेलं की ऐनवेळी चालेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. शंका थोडीशीच असेल तर आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेऊन सीट आणि कार्पेट काढून बघायला लावा. आणि कार्पेटची कडसुद्धा उचलू न देणारा मालक भेटला तर मी तिथूनच परत फिरतो.