कोरड्या हवेचे आकडे दाखवून विकलेल्या मेंढ्या

शुद्ध डॉर्पर या परदेशी जातीच्या म्हणून आम्हाला विकलेल्या मेंढ्यांच्या डोक्याचा काळा रंग पहिल्याच पावसात मानेवर ओघळला. कानामागचे केस बाजूला करून पाहिले तर मुळाशी पांढरे. चक्क कलप लावला होता. 'पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या) आहेत, गाभण आहेत' असं सांगून दिलेल्या या मेंढ्यांचं तोंड उघडलं, तर खालच्या जबड्यात आठही दात कायमचे. मेंढीचे पुढचे दुधाचे दात आठ. सव्वा-दीड वर्षाची होईपर्यंत मधली जोडी बदलते, पुढे साधारण वर्षाला एकेक जोडी. म्हणजे आठही दात बदललेली मेंढी चार वर्षांच्या आसपासची. तिला पहिलारू म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

मुळात काळं डोकं हा अस्सलपणाचा पुरावाच नाही. डॉर्परमध्ये पूर्ण पांढरी मेंढीही असते. व्यापारी मात्र डोक्याकडेच बोट दाखवत राहतो, कारण रंगवता येतं ते तेवढंच.

पण जास्त नुकसान केलं ते त्याच्या तक्त्याने. वजनवाढ डॉर्परची, जुळ्यांचं प्रमाण गरोळ मेंढीचं, दूध जमनापारी शेळीचं, आणि सगळ्यांपुढे एकच शेरा: 'कोणत्याही हवामानात चालते'. पाऊस किती, दमटपणा किती, जनावरं चरायला सोडलेली की बांधून खुराकावर, याचा कुठेही उल्लेख नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दादा, जात अस्सल असली की हवा आडवी येत नाही."

हवाच आडवी येते. डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियन यांच्या संकरातून, कोरड्या माळरानासाठी तयार केलेली जात. गरोळ सुंदरबनच्या दलदलीतली, चणीने लहान; तिची जुळी-तिळी खरी, पण तिच्याकडून डॉर्परचं वजन कसं मिळणार? जमनापारी उंच, झाडपाला ओरबाडून खाणारी. कोंडून ठेवलेल्या गोठ्यात बारबरी शेळी तिच्यापेक्षा बरी राहते. मेरिनो मेंढीची लोकर जगात नावाजलेली, पण सततच्या ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात. असे आकडे एका रांगेत मांडले की तुलना होत नाही, दिशाभूल होते.

व्हिडिओ कॉलवर दाखवलेल्यांपैकी आमच्याकडे आलेल्या काही मेंढ्या खरोखरच डॉर्पर होत्या, आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झाले. आमच्याकडे महिनोन्महिने ओल असते. उबदार, ओल्या गवतात रक्त पिणाऱ्या जंतांच्या अळ्या भराभर वाढतात. एक मादी दिवसाला हजारो अंडी टाकते. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लालसर-गुलाबी दिसायला हवा, तो कागदासारखा पांढरा पडला होता. काहींच्या जबड्याखाली पाणी साचून मऊ गोळा लोंबत होता. लेंडी तपासून औषध सुरू केलं, तरी सगळ्या वाचल्या नाहीत. शेजारच्या कळपातल्या गावठी मेंढ्या त्याच कुरणात चरत होत्या आणि धडधाकट होत्या. त्यांचं वजन कमी भरतं हे मान्य, पण त्या जगतात, वितात, कोकरं वाढवतात. मला विचाराल तर तुलना इथूनच सुरू व्हावी.

कोणी जात विकायला आलं, तर त्याला तुमच्यासारख्याच पाऊसमानात निदान एक पावसाळा काढलेला कळप दाखवायला सांगा. कोकरांची मरतूक विचारा. वजनाचे आकडे सगळे देतात, मरतुकीचे कोणी देत नाही. विसार देण्याआधी स्वतः तोंड उघडून दात बघा, पापणी ओढून बघा, ओल्या फडक्याने डोकं घासून बघा. जनावरांचा डॉक्टर सोबत न्या. 'गाडी भरायची आहे, आत्ताच सांगा' अशी घाई करणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. आणलेली जनावरं काही आठवडे वेगळी बांधा, नाहीतर त्यांचा आजार घरच्या कळपात शिरतो.

आमच्या व्यापाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. आता तो फोनही उचलत नाही. आम्ही बिल, संदेश आणि रंग लावलेल्या मेंढ्यांचे फोटो जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याची जाहिरात मात्र अजून फिरते आहे. फोटोतला मेंढा आम्हाला दाखवलेलाच आहे, आणि त्याच्याखाली 'कोणत्याही हवामानात चालते' हे वाक्यही जसंच्या तसं आहे.