दारणेत उतरणाऱ्यांसाठी सुरी: मोरा कम्पॅनियन, दोन पावसाळ्यांनंतर

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नाशिकजवळ चेहेडीला दारणा नदीत मांडीभर पाण्यात उभा होतो. चढणीचे मासे लागत होते. पाण्याची ओढ एकदम वाढली आणि वरून वाहत आलेल्या फाटक्या जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, दोन्ही पिंढऱ्यांना गुंडाळला गेला. एक हात खडकावर टेकलेला. दुसऱ्या हाताने खिशातली घडीची सुरी काढली, तर ती उघडेना. बिजागरीत काळ्या मातीचा गाळ बसला होता. शेवटी पातं दातात धरून उघडलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. पाण्यात उतरायचं तर घडीची सुरी नको, म्यानातली हवी, आणि ती एका हाताने निघायला हवी.

मामांनी आपली लोहाराकडची सुरी देऊ केली. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली, राहू मासा कापायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ओली राहिली की सकाळपर्यंत तांबूस गंज चढतो. ती घरातच शोभते.

मग स्वीडनची मोरा कम्पॅनियन मागवली, स्टेनलेस पात्याची. पातं १० सेंटिमीटरच्या थोडं वर, जाडी अडीच मिलिमीटर. पोलादात क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून गोड्या पाण्यात गंजाची धास्ती नाही. मूठ रबरासारखी, माशाच्या बुळबुळीतही हातातून सटकत नाही. म्यान प्लॅस्टिकचं, तळाला भोक, त्यामुळे पाणी साचत नाही. केशरी मूठच घ्या. हिरवी सुरी शेवाळात पडली की गेलीच समजा.

कमरेला मात्र लावू नका. पाणी कमरेपर्यंत आलं की सुरी शर्टाखाली आणि पाण्याखाली जाते, चाचपडत बसावं लागतं. मी म्यानाची क्लिप पाठपिशवीच्या डाव्या पट्ट्यावर, छातीशी अडकवतो. उजवा हात न बघता तिथे पोचतो. घरी कोरड्यात वीसेक वेळा काढून-घालून हात बसवून घ्या.

तंगूस कापताना दुसऱ्या हाताने तो ताणून धरायचा आणि पातं अंगापासून बाहेरच्या बाजूला ओढायचं. सैल तंगूस नुसता सरकतो. विणलेली दोरी मात्र या सरळ धारेवरून घसरते, तिला दातेरी पातं बरं. ज्यांच्या रिळावर तसली दोरी आहे त्यांनी आधीच दातेरी बघावी.

धार लावणं सोपं. पात्याला दोन्ही बाजूंना एकेकच रुंद उतार आहे. तो दगडावर सपाट टेकवून घासायचा, कोन शोधत बसावं लागत नाही. दर रविवारी दहा मिनिटं पुरतात. फक्त हिने दगड उचकटू नका, टोक बारीक आहे.

नाशिकला मेन रोडवर दोन-तीन दुकानांत विचारलं, कुठेच मिळाली नाही. ऑनलाइन दोन हजारांच्या आत पडली. यंदा मामांसाठीही एक मागवली आहे, त्यांनी लाल मूठ सांगितली.