टीक्यूएफपी-३२ चा सॉकेट बोर्ड: प्रोग्रॅमिंगला पैसा वसूल, डीबगिंगला जपून

मायक्रोकंट्रोलरची चिप न डागता, सॉकेटमध्ये नुसती धरून तिच्यात प्रोग्रॅम भरायचा हा बोर्ड घ्यावा का, असं विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न असतो: चिप डागल्यावर तिच्या प्रोग्रॅमिंगच्या पिनांपर्यंत तुमचा हात पोचतो का? पोचत असेल तर पैसे वाचवा. पीसीबीवर सहा पिनांचा हेडर काढा, आयएसपीची (बोर्डवरच्या चिपेत प्रोग्रॅम भरायची) केबल लावा, काम झालं. आमचा हात पोचत नाही, म्हणून आम्ही घेतला.

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपाच्या पेटीत बसणारे कंट्रोलर बनवतो. एखादी फेज गेली, व्होल्टेज पडलं किंवा विहिरीत पाणी खाली गेलं की मोटार थांबवायची. थ्री फेज लाईट आली की ठरलेला वेळ जाऊ देऊन स्टार्टर ओढायचा. लाईट पाळीनं, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री, त्यामुळे तासगाव-पलूसकडच्या बागायतदाराची झोप या पेटीच्या भरवशावर असते. पेटी बांधावर उघड्यावर. आत मुंग्या, पाली, औषध फवारल्याचा ओलावा. म्हणून आमचा बोर्ड आम्ही इपॉक्सीत ओततो आणि एकदा ओतला की त्यात सुईसुद्धा जात नाही. शिवाय आयएसपीच्या एमओएसआय, एमआयएसओ, एससीके या तीन पिनांवरच आमचा रिले ड्रायव्हर आहे. पिना कमी पडल्या की असंच होतं. बोर्डवर बसवून प्रोग्रॅम भरायला घेतला तर सगळे रिले टकटक करत बसतात. तेव्हा चिप आधी भरायची, तपासायची आणि मगच डागायची, हाच रस्ता.

पूर्वी अ‍ॅटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर डीआयपीमध्ये (दोन रांगांत लांब पाय असलेल्या चिपेत) घ्यायचो, हिरव्या खटक्याच्या झिफ (जोर न लावता चिप बसणाऱ्या) सॉकेटवर भागायचं. २०२१ च्या चिपटंचाईत डीआयपी मिळेनाशी झाली, मिळाली तर भाव ऐकून फोन ठेवावासा वाटायचा. एसएमडीवर, म्हणजे पीसीबीच्या पृष्ठावरच डागायच्या चिपेवर, तेव्हाच गेलो. चिप झाली टीक्यूएफपी-३२, म्हणजे सात मिलिमीटरची, चारी बाजूंनी आठ-आठ पाय, दोन पायांत ०.८ मिलिमीटर अंतर. हिला धरणारा सॉकेट पाहिजे.

ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव नाही, माहितीचा कागद नाही, किंमत हजाराच्या आतबाहेर. काळा सॉकेट जपानी एनप्लासच्या धाटणीचा, वरून उघडणारा: चौकट दोन बोटांनी खाली दाबली की आतले सोनेरी स्प्रिंग मागे सरकतात, चिप आत सोडायची, चौकट सोडली की स्प्रिंग पायांवर बसतात. झाकणवाला प्रकारही मिळतो, त्यात झाकण चिपेला वरून दाबतं. एखाद-दुसरी चिप भरायची असेल तर तोही चालेल. ट्रेमधून एकामागून एक चिपा भरायच्या असतील तर वरून उघडणाराच घ्या, मनगट दुखत नाही. खाली छोटी पीसीबी, तिला २८ पिना, जुन्या डीआयपीच्याच क्रमानं. म्हणजे जुन्या झिफमध्ये किंवा ब्रेडबोर्डवर हा आख्खा बोर्डच चिपेच्या जागी बसतो. बाजूला सहा पिनांचा आयएसपी हेडर आणि क्रिस्टलसाठी, म्हणजे चिपेला क्लॉक देणाऱ्या भागासाठी, दोन भोकं.

सॉकेटची पकड उत्तम. यात मला खरंच खोट काढता येत नाही. नव्या चिपेला तो पायही वाकवत नाही आणि ओळखायलाही नकार देत नाही. तक्रार आहे ती त्याच्या खालच्या पीसीबीबद्दल. पहिल्या पिनेची खूण छापलीय कुठे, तर सॉकेटच्या पोटाखाली! सॉकेट डागल्यावर ती कुणाला दिसणार? आम्ही कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. चिप उलटी बसली तर सप्लाय भलत्या पायांवर जातो, त्यामुळे हा ठिपका दिल्याशिवाय बोर्ड बाकावर ठेवूच नका.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची. या चिपेला सप्लायच्या पिना तीन: चार, सहा आणि अठरा नंबरची एव्हीसीसी (अॅनालॉग भागाची). तिन्ही जोडल्यात, पण जवळ एकही कपॅसिटर नाही. प्रोग्रॅमरच्या वीतभर केबलवरून येणारा सप्लाय थेट चिपेत. मग कधी व्हेरिफाय (भरलेलं परत वाचून ताडणं) पास, कधी मध्येच एखादा बाइट चुकतो आणि माणूस चिपेवर संशय घेतो. १०४ नंबरचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे, पीसीबीच्या खालून व्हीसीसी-ग्राउंड आणि एव्हीसीसी-ग्राउंडमध्ये डागले आणि ती कटकट संपली. चार रुपयांचं काम. बनवणाऱ्यानं का वाचवलं, देव जाणे.

क्रिस्टलची भोकं मात्र बनवणाऱ्यानं रिकामी सोडली तेच बरं, हवा तो क्रिस्टल आपण बसवायचा. कोरी ३२८पी कारखान्यातून येते ती आतल्या आठ मेगाहर्ट्झला आठनं भागून, म्हणजे एक मेगाहर्ट्झवर चालणारी. आयएसपीचा क्लॉक चिपेच्या क्लॉकच्या पाव भागापेक्षा कमी लागतो, म्हणजे अडीचशे किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर वापरत असाल तर स्लो एससीकेचा जंपर लावा किंवा प्रोग्रॅम भरायच्या एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरला ‘मायनस बी १०’ (कॅपिटल बी) द्या. भोकांत सोळा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर बसवून टाकले की पुढचं सोपं होतं: आधी हळू क्लॉकवर फ्यूज (चिपेच्या आतली सेटिंगं) लिहायचे, चिप बाहेरच्या क्रिस्टलवर आली की मग प्रोग्रॅम झपाट्यानं भरायचा.

क्रिस्टलचा खरा उपयोग जुन्या चिपांना होतो. जुने कंट्रोलर दुरुस्तीला येतात, रिले जळालेले पण आयसी ठणठणीत. हॉट एअरनं ती काढायची आणि पुन्हा वापरायची. पण तिचे फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलवर लावलेले असतात. क्रिस्टल नसेल तर क्लॉक नाही, क्लॉक नाही तर उत्तर नाही. बाकावर बसणाऱ्या वहिनी अशा चिपा वेगळ्या डबीत टाकायच्या. “मॅडम, ही पण बोलंना.” क्रिस्टल लावल्यावर त्या डबीतल्या बहुतेक बोलायला लागल्या. एक पथ्य तेवढं पाळा: काढलेल्या चिपेच्या पायांवरचा टिनाचा थर विकनं (टिन शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) ओढून घ्या, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) फ्लक्स पुसा आणि मगच सॉकेटमध्ये घाला. नाहीतर टिन हळूहळू स्प्रिंगच्या सोन्यावर चढतं आणि मग नव्या चिपाही अडखळायला लागतात. २०१९ च्या पुरात भिजलेले कंट्रोलर अजून कुणाकुणाच्या माळ्यावरून निघून आमच्याकडे येतात. त्यांतल्या हिरवट पायांच्या चिपा तर सॉकेटच्या जवळही नेऊ नयेत.

मला सगळ्यांत जास्त फायदा झाला तो वेगळ्याच ठिकाणी. आलेला माल डागण्याआधी विचारून घेता येतो की बाई गं, तू नक्की कोण? ३२८पी ची सिग्नेचर, म्हणजे चिपेतला ओळखक्रमांक, १ई ९५ ०एफ. साध्या ३२८ ची १ई ९५ १४. एका विक्रेत्याच्या लॉटमध्ये अंगावर ३२८पी छापलेलं आणि आतून उत्तर साध्या ३२८ चं. एव्हीआरड्यूड तिथेच थांबतं आणि कुरकुरतं. आमच्या कामाला साधी चालली असती, पण पैसे पी चे दिलेत ना? ट्रे परत गेला. डागल्यावर कळलं असतं तर गप्प बसावं लागलं असतं.

आता डीबगिंग. जाहिरातीत प्रोग्रॅमिंग आणि डीबगिंग दोन्ही लिहिलंय आणि ते खोटं नाही. ३२८पी चं डीबगिंग डीबगवायरनं होतं, त्याला सप्लाय आणि ग्राउंड सोडले तर एकच वायर लागते, रिसेटची. अ‍ॅटमेल-आइस हा डीबगर लावला, डीबगवायर सुरू करणारा डीडब्ल्यूईएन फ्यूज लागला, की ओळीओळीनं प्रोग्रॅम चालवता येतो. रिसेटला कपॅसिटर असेल तर डीबगवायर चालत नाही. अर्डुइनोच्या बोर्डांवर लोक इथेच अडकतात. या बोर्डवर रिसेटला फक्त १० किलोओहमचा पुल-अप (सप्लायला जोडलेला रेझिस्टर) आहे, कपॅसिटर नाही. इथे मात्र कंजूषपणा कामी आला.

पण डीडब्ल्यूईएन लागला की आयएसपी बंद होतो. डीबगिंगमधून रीतसर बाहेर न पडता चिप सॉकेटमधून उचलली, तर पुढच्या माणसाला ती मेलेलीच वाटणार. शिवाय सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) ठेवला-काढला की दर वेळी फ्लॅश पुन्हा लिहिली जाते आणि फ्लॅशची हमी १०,००० वेळांची. म्हणून डीबगिंगची चिप वेगळी ठेवा, तिच्या पाठीवर मार्करनं फुली मारा आणि ती कधीच गिऱ्हाइकाच्या पेटीत जाऊ देऊ नका. हे सॉकेटमुळेच परवडतं, चिप झिजली की फेकायची आणि दुसरी घालायची.

डीबगिंगला मी अर्धेच गुण देते, त्याचं कारण मात्र दुसरं आहे. टीक्यूएफपीच्या ३२८पी मध्ये डीआयपीपेक्षा दोन अ‍ॅनालॉग पिना जास्त आहेत, एडीसी६ आणि एडीसी७, नंबर एकोणीस आणि बावीस. बोर्ड २८ पिनांच्या क्रमात बसवायचा म्हटल्यावर या दोघींना जागाच उरली नाही आणि बनवणाऱ्यानं त्या तशाच सोडून दिल्या. बाजूला दोन पिनांचा हेडर दिला असता तर काय बिघडलं असतं? आमच्या कंट्रोलरमध्ये फेज बघायच्या दोन लाइनी नेमक्या याच पिनांवर आहेत. सॉकेटच्या पायांवर भिंगाखाली दोन बारीक एनॅमल वायरी डागून घेतल्या तेव्हा कुठे काम झालं. ज्याचा हात इतका बारीक चालत नाही त्यानं ३२ पिना सरळ बाहेर काढणारा साधा अ‍ॅडॅप्टर घ्यावा आणि आयएसपीचे जोड स्वतः करावेत.

आणि शेतातला बिघाड बाकावर सापडत नाही तो नाहीच. कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा स्विच) सुटताना उडणाऱ्या ठिणगीनं चिप रिसेट होते, ही आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. सॉकेट बोर्ड, स्वच्छ पाच व्होल्टचा सप्लाय आणि समोर लॅपटॉप, अशा थाटात तो रिसेट येतच नाही. उलट रिसेटच्या पिनेवर डीबगरची लांब केबल लावून कॉन्टॅक्टरशेजारी गेलात तर ती केबलच अँटेना होते आणि नसलेले रिसेट दिसायला लागतात. असल्या बिघाडाला खरी पेटी, खरा कॉन्टॅक्टर आणि ऑसिलोस्कोपच लागतो. ब्राउन-आउट (व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणारी सोय) ४.३ व्होल्टला लावणं, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) घालणं ही कामं तिथंच होतात. मेनू, टायमर, ईईप्रॉममध्ये सेटिंग साठवणं, असले निव्वळ प्रोग्रॅमचे घोळ मात्र सॉकेटवर झटकन सापडतात.

द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि कंट्रोलरची घाई त्याच्या आधीच सुटते. त्या दिवसांत सॉकेटनं दगा दिला तर पुण्या-मुंबईहून दुसरा येईपर्यंत बाक रिकामा राहील, म्हणून एक जादा घेऊन ठेवलाय. तोही कपॅसिटर आणि ठिपका देऊनच कपाटात ठेवला.

एसटीएम३२एफ१०३ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरसाठी याच विक्रेत्याकडे ४८ पायांचा सॉकेट आहे, विचारणा येते म्हणून सांगते. तो मी घेतला नाही. तिथे पायांतलं अंतर ०.५ मिलिमीटर, सॉकेट महाग आणि गरज कमी: एसडब्ल्यूडीला (त्या चिपेत प्रोग्रॅम भरायच्या जोडणीला) सप्लाय-ग्राउंड धरून चारच वायरी लागतात आणि तिच्या सिग्नलच्या दोन पिना इतर कामाला न लावता मोकळ्या ठेवणं सोपं जातं. बोर्डच्या कडेला चार उघडे पॅड ठेवा, इपॉक्सी ओतण्याआधी स्प्रिंगच्या पोगो पिना टेकवून प्रोग्रॅम भरा.