०.३२ रिव्हॉल्व्हर आणि माणूस थांबवणारी गोळी

साताऱ्यात चार निवृत्त फौजी चहाला बसले की पेन्शननंतरचा विषय ठरलेला असतो: बत्तीसच्या गोळीने माणूस थांबतो का? नोकरीत ९ मिलिमीटरचे पिस्तूल वापरल्यानंतर गेली सहा वर्षे मी परवान्यावर देशी बनावटीचे ०.३२ बोअरचे, म्हणजे नळीचा आतला व्यास सुमारे ०.३२ इंच असलेले, रिव्हॉल्व्हर बाळगतो आहे, म्हणून त्याचे हे परीक्षण त्याच प्रश्नाच्या अंगाने करतो.

मुळात निवड आपल्या हाती फारशी नसतेच. ९ मिलिमीटर आणि ०.४५ ही बोअर आपल्याकडे निषिद्ध असल्याने सामान्य परवानाधारकाला मुख्यतः ०.३२ वर भागवावे लागते. कागदावर हे काडतूस दुबळे आहे: ९ मिलिमीटरची सुमारे ८ ग्रॅमची गोळी नळीतून बाहेर पडताना पाचशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, तर माझ्या रिव्हॉल्व्हरची सव्वासहा ग्रॅमची गोळी जेमतेम दीडशे. गंमत अशी की ज्या ०.४५ चे एवढे गोडवे गायले जातात, तिची जवळपास १५ ग्रॅमची गोळी संथ असल्यामुळे तिचीही ऊर्जा ९ मिलिमीटरच्या घरातच राहते.

पण नुसत्या ज्यूलवरून निकाल लावणे मला पटत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मायामीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेशी झालेल्या चकमकीत एका गुन्हेगाराला ९ मिलिमीटरची गोळी वर्मी लागणार असे वाटत असतानाच ती हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला आणि दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने मांसाच्या जागी चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे, हा निकष धरला, आधी १० मिलिमीटर आणि मग ०.४० काडतूस स्वीकारले, आणि गेल्या दशकात सुधारलेल्या गोळ्यांसह पुन्हा ९ मिलिमीटरकडेच वळली. मेंदू किंवा मणक्यावर आघात झाला नाही, तर माणूस रक्तस्रावानेच कोसळतो, आणि त्याला वेळ लागतो, मग बोअर कोणतेही असो.

या हिशेबाने ०.३२ चा मोठा गुण म्हणजे तिचा सौम्य धक्का. पहिल्या बारानंतर नेम हलत नाही आणि दुसरा बार लगेच काढता येतो. माझ्या नगाची खरी खोड काडतुसात नसून चापात आहे. घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) आधी अंगठ्याने न चढवता चाप ओढला तर तो इतका जड जातो की नळी खाली झुकते, आणि सात पावलांवरचे लक्ष्यही चुकते. घोडा चढवून मारले तर हेच रिव्हॉल्व्हर अचूक आहे, परंतु अंधारात, धांदलीत, हात थरथरत असताना तेवढी सवड कोणाला मिळते?

घेणाऱ्याने दुकानात रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप आधी दहा वेळा ओढून पाहावा, आणि बोट दमले तर दुसरा नग मागावा.