संगीत पत्रकारितेची पदवी: माझे १ लाख ५३ हजार ३०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. १ लाख ५३ हजार ३०० रुपये गेले. त्यातले ५० हजार आईच्या बचत गटातून उचललेले, शेकडा एक रुपया महिना व्याजाने. तो हप्ता मी अजून भरतेय.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जाते. मी पत्रकार आहे. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत चार वर्षं उपसंपादक. 'नोकरीच्या आमिषाने तरुणाला गंडा', 'जादा परताव्याच्या आमिषाने फसवणूक' या छापाच्या किती बातम्या हाताखालून गेल्या, मोजदाद नाही. रात्री पान सोडताना आम्ही त्या लोकांना हसायचो. 'एवढं कसं कळत नाही यांना?' हे वाक्य ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलं असेल.

तर मला कसं कळलं नाही, ते लिहिते.

मी मिरजेची. गाता येत नाही. सात वर्षं क्लासला जाऊन विशारदच्या अलीकडे सोडून दिलं. पण ऐकता येतं आणि लिहिता येतं. आमच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमाची बातमी म्हणजे दीपप्रज्वलन कुणी केलं, मान्यवर कोण होते आणि शेवटी 'रसिक मंत्रमुग्ध'. राग कुठला गायला, साथीला कोण होतं, हे जागा उरली तर. केशवराव भोळ्यांसारख्या संगीत-समीक्षकाने ज्या मराठीत गाण्यावर लिहून ठेवलंय, त्या मराठीत आज आम्ही हे छापतो. मला ते काम नीट शिकून करायचं होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण प्रत्येकजण आधी 'लोभ नडला' म्हणतो. सहा महिन्यांत दामदुप्पट मागायला गेले नव्हते हो मी. फी भरून शिकायला गेले होते.

मे २०२४ मध्ये जाहिरात दिसली. संगीत पत्रकारितेचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, 'लंडनच्या विद्यापीठाशी संलग्न', वर्ग ऑनलाइन आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार पुण्यात. मी आंधळेपणाने उडी मारली नाही. शोधलं. ब्रिटनमध्ये हा विषय खरोखरच शिकवतात, हडर्सफील्ड विद्यापीठात तर याच नावाची पदवी होती. विषय खरा निघाला म्हणून मी संस्थाही खरी धरली. आता कुणी विचारलं तर पहिलं हेच सांगते, की असला अभ्यासक्रम जगात आहे का ते शोधू नका, समोरचा माणूस तो द्यायला लायक आहे का ते शोधा. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी आहे, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. ती मी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत उघडली.

अर्जाचे १,५०० रुपये भरले, परत न मिळणारे. सोबत नमुन्यादाखल एक लेख मागितला होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं होतं, म्हणून मी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लिहिलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात तिथपासून तारेचा सूर घुमवणारी जवारी लावण्यापर्यंत. (हा लेख पुढे त्यांच्या माहितीपत्रकात 'आमच्या विद्यार्थ्याचं काम' म्हणून छापून आला. तेव्हा माझा एकही वर्ग झालेला नव्हता. मी काय केलं? आईला दाखवला.)

मग मुलाखत. हाच तो क्षण, आणि तो मला अजून झोपू देत नाही.

व्हिडिओ कॉलवर 'डीन सर' होते. मागे पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात तंबोरा. मी मिरजेची म्हटल्यावर खुलले. "वा, वा! अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव! ग्वाल्हेर घराण्याचा केवढा मोठा गवई!"

ग्वाल्हेर.

मिरजेत खाँसाहेब किराणा घराण्याचे होते हे सांगायला गाण्याची समज लागत नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात तिथे रात्र-रात्र गाणं होतं, त्या गाण्याला मी फ्रॉक घालायची तेव्हापासून जातेय. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेनजी सवाई गंधर्वांचे, हा वंशवेल आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ. संगीत पत्रकारिता शिकवणाऱ्या विभागाच्या प्रमुखाला तो माहीत नाही. आणि मी काय म्हटलं? "हो सर."

कॉल संपल्यावर त्या माणसाची वकिलीही मीच केली. म्हटलं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांशी गल्लत झाली असेल. बुवा ग्वाल्हेर घराण्याचेच, मिरजेत राहिलेले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी मिरजेतच शिकले. म्हणजे ग्वाल्हेर आणि मिरज हे दोन शब्द एका वाक्यात येऊ शकतात. बोलण्याच्या ओघात होतं माणसाचं. इतका चांगला बचाव त्याला स्वतःलाही सुचला नसता. जे थोडंफार मला येत होतं, ते सगळं मी त्याची चूक झाकायला वापरलं.

२७ जून २०२४ ला जागा राखण्याचे २५,००० भरले. १२ जुलैला पहिला हप्ता ७५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३,५००, म्हणजे ८८,५००. छापील पावती मिळाली, जीएसटी क्रमांकासह. ती पावती बघून मी निर्धास्त झाले. कर भरणारा माणूस चोर कसा असेल?

तीच पावती फेब्रुवारीत शेजारच्या टॅक्सवाल्या काकांनी बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, कायद्याने मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षणाला जीएसटी माफ असतो. त्यांनी १८ टक्के लावला म्हणजे आमची पदवी मान्य नाही, हे पावतीवरच लिहून दिलंय की तुला." साडेतेरा हजार मी त्यांच्या कबुलीजबाबाचे भरले. पदवीच्या फीवर जीएसटी दिसला की तिथेच थांबा आणि विचारा. खासगी क्लासला, साध्या सर्टिफिकेट कोर्सला लागतो, तो वेगळा.

ऑगस्टमध्ये 'परदेशी विद्यापीठातील नोंदणी' म्हणून २१,८००.

वर्गांबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. आधी मुद्रित केलेले व्हिडिओ. अमुक इंग्रजी साप्ताहिक १९५२ साली निघालं, तमुक अमेरिकन मासिक १९६७ साली, खाली चित्रं. आपल्याकडच्या समीक्षेबद्दल चकार शब्द नाही. पुण्यातला शनिवार-रविवार दोनदाच झाला. दुसऱ्या वेळी एक ज्येष्ठ समीक्षक आले होते, दीड तास सुंदर बोलले. नंतर कळलं, त्यांना कुठल्याशा संगीत मंडळाचं व्याख्यान म्हणून बोलावलं होतं आणि मानधनाचं पाकीटही दिलं नव्हतं. म्हणजे त्या खोलीत फसलेले आम्ही अकराजण नव्हतो, बाराजण होतो.

नोव्हेंबरात 'क्षेत्रकार्य' आलं. डिसेंबरात पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाचं वार्तांकन, पत्रकार म्हणून पास, ७,५०० रुपये. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं, तर "ताई, अकाउंट्सचं काम बाहेर दिलंय." बरं. आता दुसरी गोष्ट बघा. मी स्वतः वर्तमानपत्रात. पत्रकाराचा पास विकत मिळत नसतो, तो संपादकाच्या पत्रावर मिळतो, हे मला ठाऊक. माझ्या ऑफिसात जाऊन मागितलं असतं तर कदाचित मिळालाही असता. पण ऑफिसात मी या शिक्षणाबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. पदवी हातात आल्यावर सांगायचं होतं.

मुकुंदनगरला महोत्सवाच्या फाटकावर स्वयंसेवक मुलीने पास उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "मॅडम, हा आमचा नाही." फार सभ्यपणे म्हणाली. मागे रांग होती. मी बाजूला झाले, तिकीट काढलं आणि भारतीय बैठकीवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी काय ऐकलं ते आठवत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. संस्थेने फोनवर सांगितलं, छपाईची चूक झाली, पैसे वळते करू. आणि जानेवारीत प्रमाणपत्राच्या साक्षांकनाचे १८,००० मागितले. मी भरले. अर्धे, ९,०००, पण भरले. फाटकावरून परत पाठवल्यानंतर भरले. कारण तोवर १ लाख ४४ हजार ३०० गेले होते, आणि ते बुडाले असं मान्य करण्यापेक्षा आणखी ९ हजार देणं मला सोपं वाटलं. हे वाचून हसा खुशाल. मीही हसायचे.

लंडनमध्ये माझा मावसभाऊ असतो. शेवटी त्याला पत्ता पाठवला. दादा रविवारी मुद्दाम गेला आणि तिथून फोटो पाठवला. खाली किल्ल्या करून देणारं दुकान, आत भिंतीवर पत्रपेट्यांची रांग. त्यातली एक पेटी म्हणजे आमचं विद्यापीठ. "मिने, विद्यापीठाला कुलूप आहे बघ, किल्ली पण इथंच करून मिळते," असा मेसेज त्याने केला. चिडून आठ दिवस बोलले नाही त्याच्याशी.

आता कारभाराकडे येते.

पहिल्यांदा १९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीत पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर गोठवता येतात, त्यासाठीच हा क्रमांक आहे. मी सात महिन्यांनी करत होते, त्यात त्यांचा दोष नाही. तुम्ही मात्र शहानिशा, लाजलज्जा, घरच्यांना सांगू का नको, सगळं नंतर करा. आधी फोन.

मग पोलीस ठाणं. माझ्या भागातल्या ठाण्यात म्हणाले, संस्था पुण्यात, पुण्याला जा. पुण्यातले म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तिकडे द्या. मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवावा लागतो. हवालदारसाहेबांनी वर बघितलं. "प्रेसवाल्या का?" हो म्हटल्यावर बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. एफआयआर मिळाला नाही.

तिसऱ्या खेपेला जे झालं ते तर मी जन्मात विसरणार नाही. पैसे कधी भरले ते विचारलं. म्हटलं, २७ जून आणि मग १२ जुलैपासून पुढे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. कारण १ जुलै २०२४ ला कायदा बदलला. २५ हजारांची फसवणूक जुन्या दंड संहितेच्या ४२० खाली, बाकीची नव्या न्याय संहितेच्या ३१८(४) खाली. "आता हे एकात घ्यायचं का दोनात, वर विचारावं लागेल." वर विचारायला पाच आठवडे लागले. चोराने महिना बघून पैसे घ्यायला हवे होते. शेवटी कुणीतरी सुचवलं, "जूनचे २५ हजार सोडून द्या ना ताई, सोपं होईल." सोडून द्या! बचत गटाला सांगू का असं? शिवाय "शिकवलं तर होतंच ना त्यांनी काहीतरी? मग दिवाणी वाद झाला हा," हे दर खेपेला.

उच्च शिक्षणाच्या एका कार्यालयात गेले. ते म्हणाले, परदेशी विद्यापीठ आमच्या अखत्यारीत नाही. मी म्हटलं, विद्यापीठ नाहीच आहे, तेच तर सांगतेय. "नसलेल्या विद्यापीठाविरुद्ध तक्रार कशी घेणार?" हे वाक्य त्यांनी हसत म्हटलं नाही. दुसऱ्या कार्यालयाने ऑनलाइन तक्रार 'निकाली' म्हणून बंद केली, शेरा 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा'. तो संबंधित विभाग म्हणजे पहिलं कार्यालय. परदेशी पदवी फ्रँचायझीने विकायला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत सरळ मनाई आहे. नियमाचा कागद मी सोबत नेला होता. त्याची झेरॉक्स मागितली त्यांनी, म्हणाले, आमच्याकडेही एक राहू दे.

ठाण्यात दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, रजिस्टर्ड, पोच जपून ठेवा. मी पाठवला, त्यानंतर अठराव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज टाकलाय. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि ही एवढी एकच बाब या सगळ्या प्रकरणात फुकट झाली. फोनवर बोललेलं काही उपयोगाचं नाही, प्रत्येक आश्वासन लेखी मागा. माझ्या बाजूने आज उभी आहे ती फक्त ती जीएसटीची पावती.

गुन्हा नोंदला त्या रात्री बातमी आमच्याच डेस्कवर आली. मी सुट्टी टाकली होती. सकाळी पाचवं पान उघडलं. एक कॉलम, चार ओळी, 'पदवीच्या आमिषाने तरुणीस गंडा'. नाव दिलं नव्हतं, त्याबद्दल सहकाऱ्यांचे आभार. पण रक्कम १ लाख ३५ हजार ३०० छापली होती. ५ आणि ३ ची अदलाबदल, १८ हजारांचा फरक. मी फोन करून दुरुस्ती मागितली. रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, "ताई, एवढ्याशा बातमीला दुरुस्ती कोण छापतं?"