शेपफाइल की जिओपॅकेज: मॅनहोल, नाले, उद्यानं कशात ठेवावीत?

नकाशांसाठी सॉफ्टवेअर क्यूजीआयएस घ्यावं की आर्कजीआयएस, यावर वाद घालायला मजा येते, पण मॅनहोल-उद्यानांसारख्या सार्वजनिक मालमत्तांच्या नकाशात पुढे वर्षानुवर्षं छळते ती फाइल. म्हणून माहिती शेपफाइल की जिओपॅकेज, यांतल्या कुठल्या प्रकारच्या फाइलीत ठेवावी, तेवढ्याच निवडीबद्दल बोलतो.

शेपफाइल कुठेही उघडते. आर्कजीआयएस बनवणाऱ्या एस्री कंपनीने तिची तांत्रिक रचना १९९८ साली खुली केली, आणि तिला नाही म्हणणारं सॉफ्टवेअर आजही शोधावं लागेल. पण ती एकटी फाइल नाही: एसएचपी (आकार), एसएचएक्स (त्यांची सूची), डीबीएफ (माहितीचे रकाने) अशी सगळी भावंडं सोबत लागतात, आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती एसएचपी पाठवतोच. मॅनहोलचे बिंदू, पर्जन्यजल वाहिन्यांच्या रेषा, उद्यानांचे पॉलिगॉन, सगळ्यांचे संसार वेगळे. याची सवय होते.

देवनागरीची मात्र मला होईना. मुंबईतल्या खेतवाडीच्या गल्लीत दोन्हीकडे इमारती, त्यामुळे मोबाइलचं जीपीएस सहज काही मीटर सरकतं. शेजारी तीन झाकणं असली की आपलं कोणतं, हे बिंदू सांगत नाही, खुणेचा रकाना सांगतो: ‘पिठाच्या गिरणीसमोर, चाळीच्या मागच्या जिन्याखाली, नळाच्या डावीकडे’. शेपफाइलमध्ये मजकुराच्या रकान्याला २५४ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. खुणेआधी इमारतीचं नाव आणि गल्लीही लिहिली की जागा संपते, आणि कापलं जातं ते नेमकं शेवटचं ‘डावीकडे’. रकान्याच्या नावाला तर १०च बाइट, त्यात ‘रस्त्याचे नाव’चं ‘रस्’ उरतं. मजकूर कोणत्या पद्धतीने साठवलाय हे सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली तर मराठीच्या जागी बऱ्याचदा नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसतात.

जिओपॅकेज हे ओजीसी या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २०१४चं मानक. आत एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस, मजकूर सहसा यूटीएफ-८, आणि बिंदू, रेषा, पॉलिगॉन सगळे थर एकाच फाइलीत. खुणेचा मजकूर पूर्ण राहतो. मला एवढंच पुरलं.

त्याचीही कुरकुर आहे. ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर दोघांनी एकदम संपादन सुरू केलं की फाइल कुलूपबंद होऊ शकते. क्यूजीआयएस उघडं असताना शेजारी नावाशेवटी ‘-wal’ असलेली फाइल तयार होते. ताजे बदल तिच्यातच असू शकतात, म्हणून फाइल पाठवण्याआधी प्रोजेक्ट बंद करावा.

तुमच्या नोंदी इंग्रजीत आणि आखूड असतील, तर शेपफाइल सोडायचं फारसं कारण मला दिसत नाही. मराठीत काम करणाऱ्याने मात्र मूळ प्रत जिओपॅकेजमध्येच ठेवावी असं मला वाटतं. एखादं खातं शेपफाइलच मागेल, तेव्हा रकान्यांना आखूड इंग्रजी नावं देऊन एक्सपोर्ट करावी आणि लांबलचक खुणा सोबत एक्सेलमध्ये, मालमत्ता क्रमांकासह द्याव्यात.